हरकत

नववीच्या वर्गावर पत्रलेखनाचा तास होता. फळ्यावर विषय लिहिला, 'हरकत नोंदवणारे पत्र', आणि मागच्या बाकावर हसू फुटलं. एक जण उठून म्हणाला, "टीचर, हरकत करने पे तो आप बाहर खड़ा करते, आज लिखने को बोल रहे!" सगळा वर्ग हसला. मीही हसले.

उर्दू शाळेत मराठी शिकवताना असे प्रसंग रोजचेच. मुलांच्या घरात हरकत म्हणजे खोडी. उर्दूत तिचा मूळ अर्थ हालचाल. अक्षराच्या वर-खाली जबर, जेर, पेश देतो, त्यांनाही हरकतच म्हणतात. हरकत नसलेलं अक्षर साकिन, म्हणजे थांबलेलं. हाच शब्द मराठीत आला आणि आडवा उभा राहिला. इथे हरकत म्हणजे आक्षेप. त्यातही आपण तो शब्द वापरतो तो बहुतेक वेळा नकार जोडून. 'हरकत नाही' आपल्या तोंडात इतकं बसलंय, की नुसती 'हरकत' कागदावर लिहिताना हात अडखळतो.

माझा हात २०१८ साली अडखळला नव्हता, हे आधी सांगून टाकते. उलट नको तितका सराईतपणे चालला होता.

तेव्हा आमचं शहर औरंगाबाद होतं. १६ फेब्रुवारी २०१८ ला नारेगाव, मांडकी आणि आसपासच्या गावांनी शहराच्या कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. तीन दशकांहून जास्त काळ सगळ्या शहराचा कचरा नारेगावच्या डेपोवर जात होता. रोजचा चारशे टनांच्या वर. ओला, सुका, दवाखान्यांचा, कत्तलखान्याचा, सगळा एकत्र. विहिरींचं पाणी बिघडलं, धूर कायमचा झाला, मोकाट कुत्र्यांचे कळप वाढले, त्या गावांत मुली द्यायला लोक कचरू लागले. अर्ज झाले, कोर्टकचेऱ्या झाल्या, मुदती मागून झाल्या. शेवटी बाया-माणसं रस्त्यावर बसली आणि उठलीच नाहीत. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानेही नारेगावला कचरा टाकायला मनाई केली. मग शहराला पहिल्यांदाच कळलं, की आपण रोज एवढं फेकतो. चौकाचौकांत ढीग साठले. लोक ते पेटवू लागले. नमाजला जाणारे नाकाला रुमाल लावून जायचे.

मनपा जागा शोधत फिरत होती. शोधायची पद्धत साधी होती: गाड्या भरायच्या, सोबत पोलीस घ्यायचे आणि जायचं. ७ मार्चला गाड्या मिटमिट्याला आल्या. लोकांनी अडवल्या, दगडफेक झाली, गाड्या पेटल्या, लाठीमार झाला, अश्रुधुराच्या नळकांड्या फुटल्या. पोलीस घरांत शिरून मारतानाचे व्हिडिओ राज्यभर फिरले. विधिमंडळात गदारोळ झाला, पोलीस आयुक्तांना सक्तीच्या रजेवर पाठवलं गेलं, मनपा आयुक्तांची बदली झाली.

मी राहते पडेगावात. मिटमिटा आमच्या पुढचं गाव. नाशिक रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक ट्रककडे त्या दिवसांत आम्ही संशयानं बघत होतो. जुम्म्याच्या नमाजनंतर ठरलं, की आपणही निवेदन द्यायचं. निवेदन मराठीत हवं, शुद्ध हवं, म्हणजे मोहल्ल्यात ते माझ्याकडेच येणार. मी रात्री बसून लिहिलं. 'आमच्या परिसरात दाट वस्ती, शाळा व प्रार्थनास्थळे असल्याने सदर कचरा अन्यत्र हलविण्यात यावा.' वाचून सगळे खूश झाले. एक खालूजान म्हणाले, "बेटा, क्या मराठी है, कलेक्टर लिखे जैसी!" मला बरं वाटलं. शंभरावर सह्या झाल्या, त्यात माझीही होती.

दोन-तीन दिवसांनी शेअर रिक्षात माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटली. बी. ए.ला होती. सलाम-दुआ झाली, मी आमच्या निवेदनाची हकीकत जोशात सांगितली. ती ऐकत राहिली, मग विचारलं, "आपके यहाँ कितने दिन से है टीचर?" मी म्हटलं, तीन आठवडे झाले, जीव नकोसा झालाय. तिनं मान हलवली. "हमारे यहाँ तो मैं पैदा होने के पहले से है।" आवाजात टोमणा नव्हता. ती नारेगावची.

रिक्षातून उतरल्यावर मला तिचा निबंध आठवला. ती आठवीत होती तेव्हाचा, 'माझा परिसर'. तिनं लिहिलं होतं, की आमच्या घरातून डोंगर दिसतो आणि पावसाळ्यात त्या डोंगरातून धूर निघतो. आमचं शहर डोंगरांनी वेढलेलं. मला सातारा डोंगर, हनुमान टेकडी असं काहीतरी डोळ्यांपुढे आलं. धूर म्हणजे धुकं, असं समजून मी लाल शाईनं 'धूर' खोडला, वर 'धुके' लिहिलं आणि खाली शेरा दिला, 'छान निरीक्षण'. ती पोरगी कचऱ्याच्या डोंगराबद्दल लिहीत होती. ओल्या ढिगात आतून आग धुमसत राहते, ती पावसानंही विझत नाही. तिनं बरोबर लिहिलेला शब्द मी चूक ठरवला होता. तिनंही काही म्हटलं नव्हतं. टीचरना काय म्हणणार?

आणि आता मी निवेदनात लिहिलं होतं, 'अन्यत्र'. मराठीच्या शिक्षिकेला हा शब्द किती सोपा वाटतो! क्रियाविशेषण, स्थलवाचक. पण तीस-पस्तीस वर्षं या शहराचं 'अन्यत्र' म्हणजे त्या मुलीचं घर होतं. ते बंद झालं म्हणून नवं 'अन्यत्र' शोधणं चालू होतं, आणि त्या शोधात माझीही सही होती.

मिटमिट्याच्या लोकांचं चुकलं असं मी म्हणत नाही. न विचारता दारात कचरा आणून ओतायचा आणि विरोध केला तर घरात घुसून मारायचं, याला कोण हो म्हणेल? 'आमच्याकडे नको' म्हणणाऱ्यांना स्वार्थी म्हणून मोकळं होणं शहरातल्या चांगल्या वस्त्यांना फार सोपं जातं. त्यांच्याकडे गाड्या कधी जातच नाहीत. सिडकोतल्या बंगल्यापुढे डेपो करा, असं कुठल्या अधिकाऱ्याच्या मनात तरी येईल का? जागा निवडताना नकाशावर जे 'मोकळं' दिसतं, ते बहुतेक वेळा गरिबांचं, गायरानाचं किंवा गावठाणाला लागून असलेलं असतं.

नियम नव्हते असंही नाही. घनकचरा व्यवस्थापन नियम २०१६ सालचे. घरातच ओला, सुका आणि घातक कचरा वेगळा करणं त्यात सक्तीचं होतं. भरावभूमी वस्तीपासून आणि पिण्याच्या विहिरीपासून २०० मीटर दूर हवी होती, नदीपासून १०० मीटर आणि विमानतळापासून २० किलोमीटर. नारेगाव आणि चिकलठाण्याचं विमानतळ यांच्यातलं अंतर शहरातल्या कुणालाही विचारा. कचऱ्यावरच्या घारी विमानांना धोका आहेत, ही ओरड आम्ही कितीतरी वर्षं ऐकत आलो. विमानातल्या प्रवाशांची काळजी कागदावर निदान आली तरी. घारींच्या खाली राहणाऱ्यांची तेवढीही आली नाही.

पण 'घरातच वेगळा करणं' हे मी स्वतः कधी केलं होतं? २०१८च्या फेब्रुवारीपर्यंत एकदाही नाही. मटणाची हाडं, दुधाच्या पिशव्या, संपलेले सेल, सगळं एका काळ्या पिशवीत गाठ मारून घंटागाडीत. बकरी ईदनंतर तर विचारूच नका. तहारत म्हणजे ईमानचा अर्धा भाग, हे मी मुलांना शिकवते. रस्त्यातला काटा, दगड बाजूला करणं हाही ईमानचाच हिस्सा, ही हदीस आपल्यातल्या लहान पोरालाही पाठ असते. आपल्या रस्त्यातला काटा उचलून दुसऱ्याच्या रस्त्यात ठेवला, तर त्याला काय म्हणायचं, हे मला कुणी विचारलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

आपल्याकडे मशवरा नावाची एक गोष्ट आहे. कुरआनमध्ये 'अश्शूरा' नावाची एक पूर्ण सूरा आहे, आणि आपसातली कामं सल्लामसलतीनं करणाऱ्यांची तीत तारीफ आहे. बी. एड.ला असताना आमचे उर्दूचे सर म्हणायचे, शब्दाचं मूळ बघत जा. शूरा, मशवरा, मुशावरत यांचं अरबी मूळ एकच, आणि त्याच मुळापासून पोळ्यातून मध काढणं या अर्थाचं क्रियापदही येतं. आत काहीतरी आहे, ते हळूच बाहेर काढायचं आहे. त्याच्या उलट दुसरा शब्द, इत्तिला. इत्तिला म्हणजे कळवणं. ठरलंय, आता तुम्हाला सांगतो. आपल्या देशात प्रकल्प येतो तेव्हा लोकांना मिळते ती बहुधा इत्तिलाच, फक्त तिच्यावर मशवऱ्याचा शिक्का असतो.

कायद्यात या मशवऱ्याला जनसुनावणी म्हणतात. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेत तिची रीत दिली आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळानं निदान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात सूचना द्यायची, जिल्हाधिकारी किंवा त्यांच्या वतीनं एखाद्या मोठ्या अधिकाऱ्यानं सुनावणी चालवायची, अहवालाचा सारांश इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत ठेवायचा, शेवटी कार्यवृत्त लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवायचं. वाचायला चांगलं आहे. पण त्यातच एक ओळ अशी, की सुनावणी सुरू करायला कोरमची गरज नाही. म्हणजे कुणीच आलं नाही तरी लोकांना विचारलं असं होतं. आमच्या शाळेच्या पालकसभेलासुद्धा गणसंख्या लागते हो!

आणि सारांश म्हणजे सारांश. मूळ जाडजूड अहवाल इंग्रजीत. जैतापूरचं उदाहरण घ्या. राजापूर तालुक्यात माडबनला ९,९०० मेगावॅटचा अणुप्रकल्प यायचा होता. १६ मे २०१० ला जनसुनावणी झाली. कागदपत्रं मराठीत वेळेवर मिळाली नाहीत, ही लोकांची तेव्हाची मुख्य तक्रार होती. जमिनी गेल्या त्या माडबन, निवेली, करेल, मिठगवाणे या गावांच्या. पण पलीकडे खाडीकाठी साखरी नाटे आहे, आपल्या कोकणी मुस्लिम मच्छीमारांची मोठी वस्ती. त्यांची एक इंच जमीनही जाणार नव्हती, म्हणून प्रकल्पग्रस्तांच्या यादीत ते नव्हतेच. त्यांचा प्रश्न पाण्याचा होता. प्रकल्पातून रोज ५,२०० कोटी लिटर पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा पाच अंश गरम होऊन परत समुद्रात जाणार होतं. मासळी राहील का? नोव्हेंबर २०१० मध्ये पस्तीस अटींसह पर्यावरण मंजुरी मिळाली. पुढच्या मार्चमध्ये फुकुशिमा झालं. १८ एप्रिल २०११ ला नाटे इथे पोलीस गोळीबारात एक तरुण मच्छीमार गेला. ज्यांना विचारण्याच्या यादीतच धरलं नव्हतं, त्यांच्यातलाच तो.

वीज हवीच, हे मला मान्य आहे. मराठवाड्यात भारनियमनात वाढलेल्या माझ्या पिढीला विजेचं मोल कुणी शिकवायला नको. स्वच्छ वीज तर हवीच हवी. पण स्वच्छ विजेलाही हा प्रश्न चुकत नाही. पैठणला जायकवाडीच्या नाथसागरावर तरंगता सौर प्रकल्प ठरला. नाथसागर हे पक्षी अभयारण्य आहे, २०१७ पासून त्याभोवती पर्यावरण संवेदनशील क्षेत्र आहे, आणि त्याच पाण्यावर मासेमारी करून जगणारी कुटुंबं आहेत. कहार समाजाच्या एका संस्थेनं हरकत घेतली. २०२४ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं ती फेटाळली, मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही फेटाळली. सौरऊर्जेला संवेदनशील क्षेत्रातही प्रोत्साहनच आहे, असं निकालांमागचं एक कारण. शिवाय खंडपीठानं त्या संस्थेचा हेतू आणि तिच्यामागचा पैसा यांवरच प्रश्न केले.

संस्थेमागे कोण होतं ते मी सांगू शकत नाही, आणि कोर्टाच्या पुढे जाऊन काही बोलायची माझी लायकीही नाही. मला अडलं ते वेगळंच. २००६ च्या त्या अधिसूचनेतून सौर प्रकल्पांना सूटच आहे. धूर नाही, राख नाही, म्हणून आघात मूल्यांकन नाही, आणि मूल्यांकन नाही म्हणून जनसुनावणीही नाही. म्हणजे हरकत घेणारा चांगला की वाईट याची चर्चा झाली, पण ज्यांचं जाळं त्या पाण्यात पडतं त्यांना बसवून विचारायची जागा कायद्यात मुळातच नव्हती. कदाचित ते हो म्हणाले असते. पाण्याचा अमुक भाग सोडा, होड्यांना वाट ठेवा, पोरांना तिथे काम द्या, एवढंच मागितलं असतं. न विचारल्यावर माणसाला दोनच रस्ते उरतात, कोर्ट किंवा रस्ता, आणि दोन्हीकडे पहिला प्रश्न हाच येतो की तू कोण?

याच धरणासाठी साठ-सत्तरच्या दशकात गोदाकाठची गावं उठली होती. त्यांना काय विचारलं होतं, ते पैठण-गंगापूर-शेवगावकडच्या म्हाताऱ्यांना विचारून बघा. आमच्या नळाला आठवडाभरानं का होईना जे पाणी येतं, ते त्या बुडालेल्या गावांवरूनच येतं.

भाषेचा मुद्दा मात्र मी सोडणार नाही, तो माझ्या पोटापाण्याचा आहे. २०२० मध्ये केंद्रानं नव्या आघात अधिसूचनेचा मसुदा काढला. त्यात हरकतींची मुदत ३० दिवसांवरून २० दिवसांवर आणायचा प्रस्ताव होता, आणि तो मसुदा होता फक्त इंग्रजी आणि हिंदीत. ३० जून २०२० ला दिल्ली उच्च न्यायालयानं सांगितलं, आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या भाषांत भाषांतर करा. केंद्र सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. भाषांतरासाठी! माझे नववीचे विद्यार्थी दर आठवड्याला उर्दूतून मराठीत एक उतारा उतरवतात, कुरकुर करतात, पण उतरवतात.

आमच्या पडेगावात पुढे कचरा प्रक्रिया केंद्र झालं. चिकलठाणा, हर्सूल, कांचनवाडीतही झालं. त्यातलं कांचनवाडीचं ३० टनांचं केंद्र ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारं. तिथेही आधी विरोध झाला होता. तत्त्व म्हणून मला ही विभागणी पटते. सगळ्यांचा कचरा एकाच गावाच्या उरावर नको, चार दिशांना चार केंद्रं असावीत. आमच्या भागात काय येणार, किती गाड्या, वास आला तर कुणाला फोन करायचा, एवढं तरी कळावं म्हणून आम्ही सात-आठ बायका एकदा एका कार्यालयात गेलो होतो. साहेब मीटिंगला गेले होते. कारकुनानं सांगितलं, सूचना पेपरला आली होती, तुम्ही वाचली नाही का? कुठल्या पेपरला, ते त्याला आठवेना. आमच्यातल्या तिघी उर्दूच वाचतात, दोघी काहीच वाचत नाहीत. त्या दोघींपैकी एकीनं विचारलेला प्रश्न सगळ्यात चांगला होता. आम्ही घरात दोन डबे करतो, पण घंटागाडीत दोन्ही एकातच पडतात, मग आम्ही डबे कशाला धुवायचे? कारकून तिच्याकडे बघत राहिला. मी वहीत तो प्रश्न मराठीत लिहून, त्याच्याकडून शिक्का मारून घेतला. उत्तर आलेलं नाही.

कचऱ्याचं पहिलं काम बाईच्या हातून होतं आणि कचऱ्यावरच्या सभेत बाई नसते. सभा असते संध्याकाळी, मगरिबच्या सुमारास, भाकरीच्या वेळेला. मोहल्ल्यातली बैठक मशिदीत किंवा हॉटेलात होते. २०१८चं ते निवेदन मी लिहिलं, पण ठरलं होतं ते मशिदीच्या अंगणात, आणि माझ्यापर्यंत आलं होतं मुलाच्या हातून निरोप बनून. सरकारकडून इत्तिला येते अशी तक्रार करताना आपल्या अंगणातही थोडं बघावं म्हणते. हे वाचून आमच्याकडचे काही भाईजान नाराज होतील. होऊ देत.

तर पत्रलेखनाचा तो तास. मुलांना मी प्रसंग दिला होता, 'तुमच्या वस्तीशेजारी कचरा केंद्र प्रस्तावित आहे, मुदतीच्या आत हरकत व सूचना नोंदवा.' मति, महोदय, विषय, संदर्भ, सगळं शिकवून झालं. वह्या गोळा केल्या. चाळीसपैकी तीसेक जणांनी शेवटी लिहिलं होतं, की केंद्र अन्यत्र हलवावे. माझीच शिकवण, माझाच शब्द. मी प्रत्येक वहीत त्या शब्दाखाली रेघ ओढली आणि समासात लिहिलं, 'कुठे? नाव लिहा.'

दुसऱ्या दिवशी वह्या परत दिल्या. मुलं नावं शोधू लागली. एकीनं पटकन लिहिलं, हर्सूल. पुढच्या बाकावरची मुलगी मागे वळली. ती हर्सूलहून येते. "मेरे घर के बाजू में डालती क्या तू?" म्हणून तिनं वही ओढली. मागून एकानं विचारलं, मग जिन्सीत का नको? जिन्सीवाले उठले. घंटा होईपर्यंत भांडण चालूच होतं. मी एकदाही गप्प बसा म्हटलं नाही. पुढच्या तासाला गणिताच्या मॅडम येऊन दारात उभ्या राहिल्या, तेव्हा फळ्यावर अकरा मोहल्ल्यांची नावं होती आणि नऊ खोडलेली होती.